बल्बवर खूप झालं, आता टर्बाइनवर छापा

संपादक साहेब, नमस्कार.
जुन्या शोधांवर काही छापून आलं की एडिसनचा बल्ब असतोच, पण वीज बनवणाऱ्या मशीनचं कुणी नाव काढत नाही. १८८४ मध्ये चार्ल्स पार्सन्स या ब्रिटिश इंजिनियरने स्टीम टर्बाइन, म्हणजे वाफेच्या जोरावर फिरून वीज बनवणारं पात्यांचं चाक, बनवलं, जेमतेम साडेसात किलोवॅटचं पण मिनिटाला १८,००० फेरे! वाफेचा जोर एकदम न वापरता पात्यांच्या एकामागून एक रांगांमधून थोडा थोडा उतरवायचा, एवढीच आयडिया. गडी आगाऊ पण होता, १८९७ला व्हिक्टोरिया राणीच्या हीरक महोत्सवाच्या नौदल संचलनात न विचारता स्वतःच्या टर्बाइनवर चालणारी टर्बिनिया बोट घुसवली आणि आरमाराच्या बोटींना ती सापडेना. आपल्या एकलहऱ्याच्या वीज केंद्रातले २१० मेगावॅटचे सेट त्याच तत्त्वावर चालतात. एखादी रविवार पुरवणी यावर काढा की राव.

– एक वाचक, नाशिकरोड