अहमदाबाद हिंडवून आणणाऱ्या मैत्रिणीस

प्रिय सखी,

नाव लिहायचं नाही अशी तंबी तूच दिली आहेस, म्हणून नुसतंच सखी. आभार मात्र चारचौघांत मानणार. तिथे तुझं काही चालणार नाही.

अहमदाबादला मी आधीही येऊन गेले होते. आश्रम, सिदी सय्यदची जाळी, थोडी खरेदी, की परतीची गाडी. जुन्या शहराच्या पोटात शिरले ती तुझ्यामुळे. महापालिकेचा हेरिटेज वॉक १९९७ पासून चालतो, काळूपूरच्या स्वामिनारायण मंदिरापासून जामा मशिदीपर्यंत. आपण तीच वाट धरली, पण आपल्या चालीने. सकाळच्या गटाला दोनेक तास पुरतात म्हणे. माझ्या गुडघ्यांपायी आपल्याला दुपार झाली, आणि तू एकदाही घड्याळ पाहिलं नाहीस. दिसेल त्या ओट्यावर मला टेकवलंस आणि ज्याचा ओटा त्याच्याशी तुझ्या पुणेरी हेलाच्या गुजरातीत गप्पा ठोकल्यास.

त्या गप्पांमुळेच तर टांकं पाहायला मिळालं! एका ओट्यामागच्या घरातल्या आजींनी, म्हणजे बांनी, चौकातल्या फरशीवरचं झाकण सरकवलं आणि आपण दोघी वाकलो. खाली सगळा काळोख, आणि बऱ्याच खोलवर पाण्याची एक चकाकी. गच्चीवरचं पावसाचं पाणी नळीने इथे उतरतं. पहिल्या सरींचं पाणी बाहेर सोडून द्यायचं, छत धुऊन निघालं की मग साठवायचं. आत चुन्याचा गिलावा, उन्हाला वाव नाही, त्यामुळे पाणी टिकतं. बांना माझे प्रश्न संपेनात असं वाटलं असणार, पण तू एकेक करून सगळे विचारलेस.

पाखरांना दाणे टाकायचे चबुतरे, कोरीव लाकडी खांब, दलपतराम चौकातला कवींचा बसलेला पुतळा, हे सगळं छानच. फोटोही ढीगभर काढले. पण खरे आभार वेगळ्याच गोष्टीसाठी मानायचे आहेत.

मराठ्यांच्या खुणा दाखव, असं मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले होते. तू दाखवल्यास, आणि मला खूश करायला काहीही गाळलं नाहीस. १७२५ साली मराठी फौज शहर लुटण्याच्या बेतात होती, तेव्हा खुशालचंद शेठांनी पदरचे पैसे मोजून ती परतवली. उपकार म्हणून व्यापाऱ्यांनी त्यांच्या घराण्याला शंभर रुपयांच्या मालामागे चार आणे लावून दिले. अहमदाबादच्या नगरशेठांची, म्हणजे शहरातल्या या मानाच्या व्यापारी घराण्याची, ही गोष्ट म्हणजे आपल्या लोकांपासून शहर वाचवल्याची गोष्ट आहे, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. शाळेत अटकेपार झेंडे तेवढे शिकलो. पुढे १७५३ मध्ये राघोबादादा आणि दमाजी गायकवाडांनी शहर घेतलं. मधली काही वर्षं सोडली तर १८१७ पर्यंत पेशवे आणि गायकवाड महसूल वाटून खात होते, म्हणजे रयतेला दोन धनी. तुझा अर्धा जन्म तिथे गेला, त्यामुळे दोन्हीकडचं तुला दुखतं. तरी तू ते सरळ सांगितलंस, आणि वर भद्रच्या किल्ल्यातल्या भद्रकालीलाही नेलंस. ते देऊळ मराठ्यांच्याच अमदानीतलं. म्हणजे जे चांगलं तेही हातचं राखलं नाहीस.

मला जरा लागलं, खोटं कशाला बोलू! पण माणेक चौकात चहा पिता पिता वाटलं, एवढ्या विश्वासाने इतिहास सांगणारी माणसं किती असतात? गाइड असता तर माझं आडनाव ऐकून त्याने जय शिवाजी म्हटलं असतं आणि पुढे निघाला असता.

बांना माझा नमस्कार सांग. त्यांच्यासाठी भाकरवडी पाठवतेय, वाटेत फोडू नकोस.

आणि आता तू ये पुण्याला. शनिवारवाड्यात १७७३ मध्ये नारायणरावांचं काय झालं आणि त्यात याच राघोबादादांचं नाव कसं आलं, तेही तितक्याच सरळपणे सांगेन. पेठा मी दाखवते, ओटे मात्र तूच शोध. आमच्याकडे त्यांवर आता दुचाक्या टेकवलेल्या असतात.

तुझीच,
गुडघेवाली