दोऱ्यानं मोजलेली न्यूयॉर्कची वाट

सातारा

चि. सुमितला अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू विचारलंस, "बाबा, तुम्हा दोघांना न्यूयॉर्कला यायला डायरेक्ट विमान काढू की दुबईवरून?" मी 'कळवतो' म्हणालो आणि तुझा सातवीतला पृथ्वीगोल कपाटावरून खाली काढला. बोट ठेवून ठेवून तू भारतावरचा रंग पार घालवलायस, पण किनारा अजून दिसतो. आईनं शिवणाच्या डब्यातला पांढरा दोरा आणला. मी मुंबईवर अंगठा दाबला, तिनं न्यूयॉर्कवर. मला वाटलं, दोरा अरबस्तानावरून सरळ आडवा जाईल. पण ताणला तसा तो आपोआप वर सरकला. अफगाणिस्तान, मॉस्को, नॉर्वे, आइसलँड, मग ग्रीनलंडच्या टोकाजवळून खाली. तीनदा ताणून पाहिला, तिन्ही वेळा तसाच. भिंतीवरच्या नकाशात हे कधी दिसलंच नव्हतं. सगळ्यात जवळची वाट हीच, साधारण १२,५४० किलोमीटर.

पण अठ्ठावीस वर्षं एसटी चालवल्यावर नुसत्या किलोमीटरवर माझा भरवसा बसत नाही. सातारा–महाबळेश्वर साठच्या आतबाहेर, पण घाटामुळे दोन तास धरावे लागतात. विमानाला वाऱ्याचा घाट असतो. दहा-बारा किलोमीटर उंचीवर पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा वाहतो. तिकडे येताना तो तोंडावर, म्हणून सोळा तासांच्या आसपास लागतात. परतताना पाठीशी, तेव्हा तास-दीड तास वाचतो. त्यात एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्ताननं भारतीय कंपन्यांच्या विमानांना आकाश बंद केलं, त्यामुळे त्यांना समुद्रावरून वळसा पडला.

आता आईचा गुडघा. दिवाळीत पुण्याला गेलो तर अडीच तासांत पाऊल सुजलं, चप्पल चढेना. ती कोणाला सांगत नाही, पण मी पाहिलंय. सोळा तास एका खुर्चीत मी तिला बसवणार नाही.

दुबईचं तिकीट स्वस्त असेल, पण थांबा चुकीच्या जागी आहे. मुंबई–दुबई तीन-साडेतीन तास, आणि पुढे चौदा तास सलग. साताऱ्याहून मुंबईला निघायचं आणि जवळच्याच लिंब गावाला चहाला उतरायचं, तसं झालं हे. लंडनवरून बघ. मुंबई–लंडन सुमारे ७,२०० किलोमीटर, लंडन–न्यूयॉर्क सुमारे ५,५४०. बेरीज केलीस तर सरळ वाटेपेक्षा जेमतेम दोनशे किलोमीटर जास्त, आणि प्रवास दहा नि आठ तासांत वाटला जातो. मध्ये चार तास तरी असू देत. दीड तासात दुसरं विमान गाठायला आईला पळवायचं नाही. तिला पॅसेजच्या कडेची जागा घे, म्हणजे तासातासाला उठून चार पावलं टाकेल.

डिसेंबरात तुमचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेदहा तास मागे. तुझ्या दारात पोचेपर्यंत मी माझ्या घड्याळाचे काटे फिरवणार नाही. आईच्या बीपीच्या गोळ्या त्याच्यावरच चालतील, डॉक्टरांना विचारून ठेवलंय.

तू आणायला येशील तेव्हा जाड स्वेटर आईसाठी आण, माझा नसला तरी चालेल. तिकिटं काढलीस की दोन्ही विमानांच्या वेळा पाठव, वहीत उतरवून घेतो.

तुझा,
बाबा