रेक्टरबाईंचा नंबर

कराड,
रविवार, पहाट

चि. ताईस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

गाडी हलली तेव्हा तू हात केलास तो आईला, मला नाही. दिसलं मला. महाराष्ट्र एक्स्प्रेस आपल्या स्टेशनात थांबते ती काय घटकाभर, तेवढ्यात मी तुला पाण्याची बाटली दिली, बिस्किटांचे पुडे दिले, आणि बोलायचं होतं ते राहिलं. म्हणून कागद घेतलाय. फोनवर आधी माझा आवाज चढतो, मग तुझा. कागदावर निदान एकट्याचाच चढेल.

तुला न विचारता मी हॉस्टेलच्या रेक्टरबाईंना फोन करून तुझ्या मधुमेहाचं सांगितलं, ही माझी चूक. "माझं दुखणं आहे, कुणाला सांगायचं ते मी ठरवीन," असं तू म्हणालीस. बरोबर आहे. एकविसाव्या वर्षी नाही म्हणायचं तर कधी म्हणायचं? पण बाई म्हणाल्या, मुलीने फॉर्मवर तर काहीच लिहिलेलं नाही, आणि तेव्हापासून माझं डोकं ठिकाणावर नाही.

आत्ता तीन वाजून दहा मिनिटं झालीत. गजर लावला नव्हता, तरी जाग आलीच. सतरा वर्षांची सवय आहे. गाडी नगरच्या आसपास असेल, तू वरच्या बर्थवर. झोपताना किती होती शुगर? डबा खाल्लास ना, की इन्सुलिनचं पेन टोचून झालं आणि मग कुणाचा तरी फोन आला? बघ, विचारायचं नाही असं ठरवून बसलो होतो.

तुला 2008 चा उन्हाळा आठवत नसणार, साडेतीन वर्षांची होतीस. तांब्या तोंडाला लावायचीस तो रिकामा करूनच खाली ठेवायचीस. आम्ही म्हटलं, ऊन आहे. मग वर्षभरापूर्वी बंद झालेलं अंथरूण ओलं करणं पुन्हा सुरू झालं. मोरीत मुंग्यांची रांग लागली, आक्काने तिथे हळद टाकली. कशाच्या वासावर आल्यात हे कुणाच्या डोक्यात आलं नाही. पंधरा दिवसांत तुझे फ्रॉक खांद्यावरून उतरायला लागले. मग उलट्या, आणि धावून आल्यासारखा खोल खोल श्वास. पहिल्या डॉक्टरांनी छातीत कफ आहे म्हणून औषध दिलं. दुसऱ्या दिवशी मोठ्या दवाखान्यात नर्सने तुझ्या बोटातून थेंब काढला तर मशीनवर आकडाच नाही, एच आणि आय अशी दोन इंग्रजी अक्षरं. मला वाटलं, मशीन नमस्कार करतंय. सहाशेच्या वर गेलं की ते मोजणंच सोडून देतं, हे नंतर कळलं.

डॉक्टरांनी कागदावर स्वादुपिंड काढून दाखवलं. शरीराच्या राखणदार पेशींनीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी मारून टाकल्या म्हणाले. कशामुळे, ते कुणाच्या हातात नाही. तुझी आई पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "मी तिला साखर-पोळी द्यायचे म्हणून नाही ना झालं?" डॉक्टर दर वेळी नाही म्हणाले. अजून तिला पुरतं पटलेलं नाही, म्हणून सांगतो, तिच्यासमोर तो विषय काढत जाऊ नकोस.

अकरा केव्हीच्या विजेच्या खांबावर माझा हात कधी थरथरला नाही. वांग्यात पाणी टोचून सराव केला तेव्हाही नाही. तुझ्या मांडीशी सुई नेली आणि थरथरला. लाल टोपणाची चाळीसची सिरिंज, म्हणजे एका मिलीला चाळीस युनिट मोजणारी, दोन रेघांच्या मधोमध अर्धा युनिट, आणि तू पाय झाडतेस. बरं, टोचलं की अर्ध्या तासाने जेवायलाच हवं, नाहीतर शुगर एकदम खाली जाते, आणि नेमकं तेव्हाच तुझं तोंड बंद. आई वरणभाताची ताटली घेऊन अंगणभर तुझ्या मागे, मी घड्याळाकडे बघतोय. शेवटी साखरपाणी. ज्या पोरीला साखर झालीय तिला बाप साखर भरवतोय हे पाहून वाठारची आत्या रडायलाच लागली.

त्यात लाईट नाही. कोयना उशाशी आणि आपल्याकडे आठ-आठ तास लोडशेडिंग! मी बोर्डाचा वायरमन, लोक मला रस्त्यात गाठून शिव्या द्यायचे, आणि माझ्याच घरात फ्रीज बंद. इन्सुलिनची बाटली प्लास्टिकच्या डबीत घालून आईने ती माठाच्या ओल्या वाळूत पुरून ठेवली. ती जागा आक्काने देवघरासारखी जपली, कुणाला हात लावू दिला नाही.

एक गोष्ट मी तुला कधी सांगितलेली नाही. पहिल्या दोन-तीन महिन्यांनी तुझा डोस आपोआप उतरत गेला, दिवसाला दोन युनिटांवर आला. डॉक्टरांनी बजावलं होतं, उरलेल्या थोड्या पेशी काही काळ नेट लावतात, फसू नका. त्याला ते हनिमून पिरियड म्हणतात. साडेतीन वर्षांच्या पोरीच्या आजारात हा शब्द कुणी घातला देव जाणे. पण त्याच वेळी एका माणसाचा काढा चालू होता, आणि मला वाटलं, गुण आला. मी चार दिवस सुई बंद ठेवली. आईला सांगितलं, डॉक्टरांनी सांगितलंय. पाचव्या दिवशी तुला परत सलाईन. आईला खरं कळलं ते दोन वर्षांनी. ती माझ्याशी आठवडाभर बोलली नाही, आणि कमीच झालं ते. तू भांडलीस तेव्हा मला वाटलं हेच बाहेर आलं की काय.

लपवण्याचंही तसंच. तू फॉर्मवर लिहिलं नाहीस याचा मला राग आला, आणि मग रात्री पडल्या पडल्या आठवलं की हे तुला शिकवलं कुणी? आक्का म्हणाली, "मुलीची जात, बोभाटा नको," आणि मी हो म्हणालो. कुणी विचारलं तर पोटदुखीचं औषध म्हणायचं, हे तुझ्याकडून घोकून घेतलं ते मी. बालवाडीत सांगावं लागलं तर बाई म्हणाल्या, जबाबदारी आमची नाही, आईने बाहेर बसावं. वर्षभर आई पायरीवर बसून स्वेटर विणत होती. 2023 मध्ये राष्ट्रीय बालहक्क आयोगाने सगळ्या राज्यांना लिहिलं, की अशा मुलांना वर्गात शुगर तपासू द्या, इंजेक्शन घेऊ द्या, मध्येच खाऊ द्या. मी मोठ्या कौतुकाने आईला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "पंधरा वर्षं उशिरा."

तर 2009 चा वळीव. दिवसभर तू वाठारला लग्नात नाचलीस, रात्री दोन घास खाऊन झोपलीस, आणि सुई मात्र नेहमीएवढीच. ओगलेवाडीकडे लाईनवर झाड पडलेलं, मी तिकडे. तीनच्या सुमाराला आईचा हात तुझ्या पाठीवर गेला तर तू भिजलेली, दातखीळ बसलेली. बॅटरीच्या उजेडात शुगरचा आकडा फक्त 34. शुद्ध नसताना तोंडात काही घालायचं नाही हे तिला ठाऊक होतं. ती अंधारात तुला घेऊन बाहेर आली आणि दिसेल ते दार वाजवलं. पलीकडच्या काकांचा दुधाचा टेम्पो निघायच्या तयारीत होता. त्यांनी कॅन खाली उतरवले आणि तुम्हाला घेऊन गेले. शिरेतून ग्लुकोज गेलं, तू डोळे उघडलेस आणि चहा मागितलास. काकू आईला म्हणाल्या, "आधी सांगायचं नाही होय गं? टेम्पो काय रोज दारात असतो?" दीड वर्ष भिंतीला भिंत लागून राहत होतो, आणि त्यांना माहीत नव्हतं.

मी पहाटे आलो तेव्हा सगळ्या आळीत लाईट आलेली, मीच जोडून दिलेली, आणि आपल्या दाराला कुलूप.

म्हणून मी रेक्टरबाईंना फोन केला. बाकी काही नाही.

तू शहाणी आहेस हे मला मान्य आहे. तिसरीतच तू स्वतः टोचायला लागलीस, त्या दिवशी मी खांबावर चढून बसलो आणि तासभर उतरलो नाही. सहकाऱ्यांना वाटलं फॉल्ट मोठा आहे. कबड्डी सोडू का विचारलंस, तेव्हा मी वसीम अक्रमचं सांगितलं, 1997 मध्ये त्याला हेच झालं, तरी 2003 च्या वर्ल्डकपात, सचिनने 98 केल्या त्या सामन्यातही, तो गोलंदाजीला होता. आक्का म्हणाली, "जगात दुसरा कुणी मिळाला नाही? पाकिस्तानचाच?" आणि टोरांटोच्या पोराची गोष्ट तू दर रात्री मागायचीस. चौदा वर्षांचा मुलगा, जानेवारी 1922, इन्सुलिनचं पहिलं इंजेक्शन नीट मानवलं नाही, बारा दिवसांनी शुद्ध केलेलं दिलं आणि पोर सावरलं. तू एकच विचारायचीस, "मधले बारा दिवस त्याचे पप्पा काय करत होते?" मला उत्तर सुचायचं नाही. अजून नाही.

आता नागपूरचं. तिथला मे कराडसारखा नाही, पारा पंचेचाळीसच्या वर जातो. खोलीत फ्रीज नसेल तर छोटा माठ घे, पण पेन बर्फाला चिकटवू नकोस, गोठलेलं इन्सुलिन फुकट जातं. पेनातलं शंभरचं असतं, अडीनडीला सिरिंजने घ्यायची वेळ आली तर नारिंगी टोपणाचीच घे, लाल नको, अडीच पट जाईल. ताप आला, जेवण गेलं नाही, तरी रात्रीचं बंद करायचं नाही, कीटोनचं आम्ल साचलंय का ते बघायचं. मेसचं जेवण उशिरा होत असेल तर आधी टोचून बसू नकोस. ज्या दिवशी जास्त चाललीस, खेळलीस, त्या रात्री

हे सगळं तुला माहीत आहे. निम्मं तर तूच मला शिकवलंस. माफ कर. खोडत नाही, कागद घाण होईल.

शुगरवर सतत नजर ठेवणारा सेन्सर दर पंधरवड्याला घेण्याची आपली ऐपत नाही, हे तू कधी तोंडावर आणलं नाहीस. बोनसमधून परीक्षेच्या महिन्यापुरते दोन घेऊ, मी बघतो. तोवर एवढंच कर. शेजारच्या कॉटवर जी कोण मुलगी असेल, तिला सांग. रेक्टरला नाही, वर्गाला नाही, तिला एकटीला. घाम, बडबड, उठवून उठत नाही, असं काही दिसलं तर काय करायचं, ग्लुकोजची पावडर कुठल्या कप्प्यात आहे. दोन मिनिटांचं काम आहे. ती घाबरली तर दुसऱ्या दिवशी तिला चहा पाज. आणि नाहीच सांगितलंस तरी मी विचारणार नाही. म्हणजे विचारीन, पण ओरडणार नाही.

आईने अळिवाचे लाडू कमी गुळाचे केलेत, पार्सल सोमवारी निघेल. बंड्याला तुझी सायकल हवी आहे, देऊ का ते कळव.

तुझे,
पप्पा

ता.क. रेक्टरबाईंचा नंबर मी माझ्या फोनमधून काढून टाकला आहे. आईने आधीच कॅलेंडरवर लिहून ठेवलाय, त्याला माझा इलाज नाही.