कोयता डिकीतून काढून ठेव

खानापूर (बेळगाव), मंगळवार रात्र

चि. संतोषला अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून हे लिहून बाळूच्या हाती देतोय. "छकुलीला हात लावणाऱ्या त्या व्हॅनवाल्याला बघतोच" म्हणून तू फोन ठेवलास, तशी आईनं पडवीतली खुंटी दाखवली. कोयता नाही. रविवारी डिकीत काय कोंबत होतास ते आता कळलं. त्यावर बोलणार नाही. कामाचं तेवढं लिहितो.

छकुलीला पुन्हा पुन्हा विचारू नका. सूनबाईला ती पहिल्यांदा जे बोलली ते तिच्याच शब्दांत, तारीख-वेळ घालून वहीत उतरवा. दर खेपेला विचारलं की शब्द बदलतात, आणि उलटतपासणीत वकील नेमका तिथंच धरतो. त्या दिवशीचा फ्रॉक धुतला नसेल तर धुऊ नका. कागदी पिशवीत ठेवा, प्लास्टिकमध्ये दमट राहून बुरशी धरते. व्हॅनवाल्याचे मेसेज पुसू नका. नुसत्या स्क्रीनशॉटवर भागत नाही, मूळ फोन लागतो. शाळेच्या गेटवरच्या कॅमेऱ्यातलं चित्रण थोड्या दिवसांत पुसून त्यावर नवं चढतं, ते राखून ठेवा म्हणून पोलिसांना लेखी दे. गल्लीच्या ग्रुपवर एक अक्षर टाकू नका. तिची ओळख उघड करणं कायद्यानं मना आहे.

आणि त्याला जाऊन धमकावलंस तर तो आधी फोन साफ करील, मग गाव सोडील. मारून कबूल करून घेतलेलं कोर्टात शून्य. वर अंगावरचे वळ घेऊन तोच दवाखान्यात जाणार, उलटी केस घालणार, आणि वकील म्हणणार की जुनं वैर होतं, पोरीला पढवलंय. आज तू फिर्यादी आहेस. उद्या आरोपी झालास तर तिच्या बाजूनं उभं राहायला कोण?

बघ, पुन्हा तिकडंच गेलो.

फिर्याद कुठल्याही ठाण्यात घ्यावीच लागते, हद्द नंतर बघतात. काही अडलं तर 1098, मुलांच्या मदतीचा नंबर. मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धचा पोक्सो कायदा 2012 चा, त्याच्या 24 व्या कलमानं छकुलीचा जबाब घरीच घेता येतो, शक्यतो महिला उपनिरीक्षकानं, आणि गणवेश न घालता. तपासणी महिला डॉक्टरच करणार, सूनबाई जवळ राहील. एफआयआरची नक्कल फुकट मिळते. पोरांना सरकारी खर्चानं वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, नंबर 15100.

आपल्याकडं खरी गोम भाषेची. पोरगी मराठीत सांगणार, हवालदार कन्नडमध्ये टाइप करणार. "मुट्टिद" एवढंच उतरलं की झालं, म्हणजे नुसतं "हात लावला". कुठं, कसा, कपड्यावरून की आतून, सगळं गळतं, आणि कलम त्यावरच ठरतं. म्हणून वाचून दाखवल्याशिवाय सही करायची नाही. वाचून दाखवणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. मुलीला न कळणाऱ्या भाषेत जबाब उतरवत असतील तर दुभाषी द्यावा लागतो, पोक्सोच्या 19 व्या कलमातच आहे.

ती बारा वर्षांच्या आतली, म्हणून नुसत्या वाईट स्पर्शालाही त्याला निदान पाच वर्षं, जास्तीत जास्त सात. आणि तुझं? धारदार हत्यारानं जबर दुखापत केलीस तर भारतीय न्याय संहितेचं 118 वं कलम, निदान एक वर्ष, वर जन्मठेपेपर्यंत. अचानक चिडून झालं म्हणशील, तर कोयता तू इथून पंचवीस किलोमीटर नेलायस. त्यात अचानक कसलं? स्वसंरक्षणही धोका समोर असेपर्यंतच. तीन दिवसांनी त्याच्या दारात जाणं त्यात बसत नाही.

मी कोर्टातल्यासारखं बोलायला लागलो, माफ कर. तुझ्या जागी मला काय वाटलं असतं ते लिहीत नाही. आई दुपारपासून जेवली नाही, "हा काय करुलाला तिथं" एवढंच घोकतेय.

शिवाकाकाचं नाव काढणार नव्हतो. हिंडलग्याला तुला घेऊन गेलो होतो तेव्हा तू छकुलीएवढाच. जेलच्या गेटबाहेर काकूच्या मांडीवर डबा, तुझ्या हातात काकासाठी आणलेले दोन पेरू. आत तुला सोडलं नाही. परतीच्या बसमध्ये ते पेरू तू खाल्ले नाहीस, कुणाला दिलेही नाहीस. घरी येऊन देवळीत ठेवलेस आणि वास सुटेपर्यंत कुणाला हात लावू दिला नाहीस.

छकुलीनं आपण होऊन आईला सांगितलं. आठ वर्षांच्या पोरीला एवढं बोलता आलं, ते तुमच्या घरात बोलू देतात म्हणून. ते मला फार मोठं वाटलं. फोनवर सांगायचं राहिलं.

उद्या पहिल्या बसनं येतो. ठाण्यात कन्नड मी वाचीन, तू फक्त सांग, आवाज चढवू नकोस. आणि निघायच्या आधी कोयता डिकीतून काढून ठेव, ती स्कूटर ठाण्याच्या आवारात लावणार आहेस. परत नेताना तो माझ्या पिशवीत घालीन. काजूखालची झुडपं तशीच पडलीत.

तुझे,
बाबा