गुरुवारच्या मतदानाआधी, आई-बाबांना

हॅरो, लंडन
३० जून २०२४

ती. आई आणि बाबांना,
सा. न.

बाबा, परवा फोनवर तुम्ही दोनदा विचारलंत की सुनक खरंच पडणार का, आणि पडले तर पक्षात त्यांच्या जागी कोण. आईचा प्रश्न वेगळाच होता: मग तुम्हा लोकांना तिथे काही त्रास तर होणार नाही ना? घाईघाईत उत्तर द्यायचं नव्हतं, म्हणून आज रविवारी निवांत लिहायला बसले.

सुनक यांचा हुजूर पक्ष हरणार, याबद्दल इथे कुणालाच शंका उरलेली नाही. २०१९ मध्ये त्यांचे ३६५ खासदार निवडून आले होते. गेल्या आठवड्यातल्या एका मोठ्या चाचणीत ते १०८ वर येतील असं दिसलं. दुसऱ्या एका चाचणीने तर जेमतेम पन्नासच जागा दिल्या आणि खुद्द सुनक यांची यॉर्कशरमधली जागाही जाईल असं म्हटलं. तेवढं होईल असं मला वाटत नाही. पण पंतप्रधानाच्या स्वतःच्या जागेची चर्चा व्हावी, यावरून प्रचार कुठे येऊन ठेपला ते कळतं.

सुरुवातच वाईट झाली. २२ मे रोजी डाउनिंग स्ट्रीटवर भर पावसात, छत्रीशिवाय उभं राहून त्यांनी निवडणूक जाहीर केली. सूट भिजून चिंब, आणि फाटकाबाहेर निदर्शकांनी लावलेल्या गाण्यात त्यांचे शब्द बुडालेले. त्यांचे स्वतःचे खासदारसुद्धा निवडणूक शरद ऋतूत होईल असं धरून चालले होते. मग ३ जूनला ब्रेक्झिटवाले नायजेल फराज स्थलांतराला विरोध करणाऱ्या रिफॉर्म पक्षाचे प्रमुख म्हणून मैदानात उतरले आणि उजवी मतं फुटायला लागली. दहा दिवसांत एका चाचणीत रिफॉर्म हुजूर पक्षाच्या एक टक्का पुढे गेला.

पण बाबा, माझ्या मते निवडणूक हातातून गेली ती ६ जूनला. दुसऱ्या महायुद्धात फ्रान्समधल्या नॉर्मंडीच्या किनाऱ्यावर दोस्तांच्या फौजा उतरल्या त्याला त्या दिवशी ८० वर्षं झाली. त्या लढाईतून जगून वाचलेले आजोबा आता शंभरीला टेकलेत. पुढच्या मोठ्या स्मृतिदिनाला त्यांच्यातले किती असतील, हे सगळ्यांना ठाऊक होतं. सुनक सकाळच्या ब्रिटिश कार्यक्रमाला होते, पण दुपारी ओमाहा बीचवर सगळ्या देशांचे प्रमुख जमले तेव्हा ते नव्हते. टीव्हीला मुलाखत द्यायला ते लंडनला परतले होते. बायडन, माक्रों आणि शोल्त्झ यांच्या शेजारी फोटोत परराष्ट्रमंत्री कॅमेरन उभे राहिले. दुसऱ्या दिवशी सुनक यांनी माफी मागितली. आमच्या शेजारच्या आजी आयुष्यभर हुजूर पक्षाला मत देत आल्या आहेत. त्यांचे थोरले भाऊ त्या युद्धात होते. त्या चिडल्या नाहीत, गप्पच झाल्या. यंदा मतदानाला जाणारच नाही म्हणतात. मला त्यांचं पटतं. शंभर वर्षांच्या माणसांसाठी एक दुपार थांबायला हवं होतं.

त्यानंतर सट्ट्याचं प्रकरण निघालं. क्रेग विल्यम्स हे सुनक यांच्या अगदी जवळच्या वर्तुळातले खासदार. निवडणूक जाहीर व्हायच्या तीन दिवस आधी त्यांनी ती जुलैत होईल यावर शंभर पौंड लावले होते. आणखीही काही जणांची चौकशी चालू आहे. पक्षाने विल्यम्स यांना दिलेला पाठिंबा काढून घ्यायला जवळजवळ दोन आठवडे लावले. शंभर पौंड ही काही मोठी रक्कम नाही, पण सामान्य माणसाला त्यातून जे समजायचं ते समजलं.

तरीही त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. २०२२ च्या ऑक्टोबरात ते पंतप्रधान झाले तेव्हा महागाईचा दर ११ टक्क्यांवर होता, या मे महिन्यात तो २ टक्क्यांवर आला. त्यांच्या आधीच्या पंतप्रधान लिझ ट्रस यांच्या बजेटनंतर कर्जाचे व्याजदर भडकले, तेव्हा आमच्या हप्त्याचं गणित कसं कोलमडलं होतं ते तुम्हाला माहीत आहे. तो गोंधळ सुनक यांनी केलेला नव्हता. पण चौदा वर्षांत पाच पंतप्रधान देणाऱ्या पक्षाचा हिशोब शेवटच्या माणसाकडेच मागितला जातो. इंग्लंडमध्ये रुग्णालयाच्या प्रतीक्षा यादीत ७५ लाखांवर उपचार अडकून पडलेत. ती यादी कमी करण्याचं वचन सुनक यांचं स्वतःचं होतं.

आता तुमचा दुसरा प्रश्न. उघडपणे कुणीच इच्छुक नाही, पण नावं सगळ्यांच्या तोंडी आहेत. केमी बेडनॉक यांचं सर्वांत जास्त. त्यांचे आईवडील नायजेरियाचे, बालपण लागोसमध्ये गेलं. प्रीती पटेल गुजराती, घरचे युगांडाहून आलेले. सुएला ब्रेव्हरमन यांच्या वडिलांकडची मुळं आपल्या गोव्याची. जेम्स क्लेव्हर्ली यांची आई सिएरा लिओनची. शिवाय रॉबर्ट जेन्रिक, टॉम टुगेंडहाट आहेत. पेनी मॉर्डंटही आहेत, गेल्या वर्षी राज्याभिषेकात तलवार धरून उभ्या होत्या त्या. पण नेता व्हायला आधी खासदार असावं लागतं, आणि पोर्ट्‌समथमधली त्यांची जागाच धोक्यात आहे. म्हणजे शुक्रवारी सकाळी कोण कोण शिल्लक राहतं, यावरच निम्मा निकाल लागेल.

निवडीची पद्धत तुम्हाला आवडेल. आपल्याकडे पक्ष आणि चिन्ह कुणाचं, हे आयोगापर्यंत आणि कोर्टापर्यंत गेलेलं आपण पाहिलं. इथे खासदार एकेक फेरी करत दोन नावं उरवतात आणि मग देशभरातले पक्षाचे सभासद त्यांतून एक निवडतात. २०२२ च्या उन्हाळ्यात याच सभासदांनी सुनक यांना नाकारून ट्रस यांना निवडलं होतं. ट्रस दीड महिन्यात गेल्या आणि मग सुनक बिनविरोध आले. म्हणून यंदाही भीती हीच आहे की खासदारांना नेमस्त माणूस हवा असेल आणि सभासदांना फराजना टक्कर देईल असा. मला स्वतःला टुगेंडहाट किंवा क्लेव्हर्ली आलेले बरे वाटतील, पण वारं बेडनॉक यांच्या बाजूने दिसतं.

बाबा, सुनक पंतप्रधान झाले तेव्हा तुम्ही सोसायटीत पेढे वाटले होतेत. त्यांच्या सासूबाई सुधाताई मूर्तीही तुमच्यासारख्याच टेल्कोत होत्या, म्हणून तो माणूस तुम्हाला घरचा जावई वाटला. त्या दिवाळीत मलाही भरून आलं होतं. गीतेवर हात ठेवून शपथ घेणारा माणूस डाउनिंग स्ट्रीटच्या त्या काळ्या दारातून आत गेला, आणि दुसऱ्या दिवशी ऑफिसात कुणी त्याचा बाऊ केला नाही. आज तो हरतोय, तेही इतर पंतप्रधान हरतात तसाच, त्याच कारणांनी. यात मला वाईट वाटत नाही. आणि आई, यात आपल्याला घाबरण्यासारखंही काही नाही.

घाबरण्यासारखं वाटलं ते गुरुवारी. रिफॉर्म पक्षासाठी प्रचार करणाऱ्या एका माणसाने सुनक यांना जी वर्णद्वेषी शिवी दिली, ती टीव्हीवर दाखवली गेली. शुक्रवारी सुनक स्वतः त्यावर बोलले. आपल्या दोन मुलींना हे ऐकावं लागतं, याचा त्यांना त्रास आणि राग दोन्ही होता. महिनाभरात पहिल्यांदाच ते लिहून दिलेलं वाचत नाहीत असं वाटलं. त्या क्षणी मी पूर्णपणे त्यांच्या बाजूला होते. काल ते अक्षतासह नीस्डनच्या मंदिरात गेले, आणि कालच आपण विश्वचषक जिंकला. त्या गर्दीत तरी त्यांना मनापासून हसता आलं असेल.

पण मत मी त्यांच्या पक्षाला देणार नाही. हे तुम्हाला फोनवर सांगितलं असतं तर वाद झाला असता, म्हणून इथे लिहिते. भारतीय पासपोर्टवरही मला इथे मत देता येतं, कारण आपला देश राष्ट्रकुलात आहे. ओळखपत्र म्हणून तोच पासपोर्ट चालतो. मत देताना मला आईवडिलांच्या व्हिसाचा २०१२ चा नियम आठवणार आहे. मी इथे कायमची स्थायिक असूनही तुम्हाला माझ्याकडे राहायला आणू शकत नाही. तुम्हाला अंघोळ, जेवण, चालणं स्वतःचं स्वतः जमत नाही, आणि मी पैसे पाठवूनही चिंचवडमध्ये ती देखभाल मिळू शकत नाही, असं सिद्ध करावं लागतं. पुण्यासारख्या शहरात हे कोण सिद्ध करणार? तो नियम हुजूर पक्षाच्या गृहमंत्र्यांनी आणला. नंतर त्याच खुर्चीत प्रीती पटेल बसल्या, सुएला ब्रेव्हरमन बसल्या, वर सुनक बसले. मुळं आपल्याकडची असून नियमाची एक ओळ बदलली नाही. ब्रेव्हरमन तर व्हिसा संपूनही राहणाऱ्यांत भारतीयच जास्त, असं बोलून गेल्या.

सत्तेवर येऊ पाहणारा मजूर पक्षही या नियमाबद्दल काही बोलत नाही, हे मला माहीत आहे. पण जो निवडून येईल त्या खासदाराला मी पहिलं पत्र याच विषयावर लिहिणार आहे. मतदारयादीत नाव असलेल्या बाईचं पत्र त्यांना वाचावं लागतं.

गुरुवारी रात्री दहाला इथे मतदान संपेल आणि लगेच एक्झिट पोल येईल. तेव्हा तुमच्याकडे पहाटेचे अडीच वाजलेले असतील. बाबा, जागू नका, बीपीची गोळी घेऊन वेळेवर झोपा. शुक्रवारी तुमचा चहा झाला की मीच फोन करते, मग हॅरोचं, सुनकांचं, मॉर्डंटबाईंचं सगळं सांगते. आई, गुडघ्याचा एक्सरे काढलास का? आकुर्डीला पालखीच्या दर्शनाला गेली असशील तर किती वेळ रांगेत उभी राहिलीस ते खरं सांग. डॉक्टरांचा कागद बाबांकडून फोटो काढून पाठव.

तुमची,
मनू