मनोरुग्णांची औषधे तालुक्याच्या रुग्णालयात मिळायला हवीत

संपादक महोदय,

दरवर्षी १० ऑक्टोबरला, जागतिक मानसिक आरोग्य दिनाच्या निमित्ताने, ताणतणाव, नैराश्य आणि परीक्षेची भीती यांवर वृत्तपत्रांतून पुष्कळ लिहिले जाते आणि ते आवश्यकच आहे. मात्र स्किझोफ्रेनिया (ज्यात भास होतात, संशय बळावतो) किंवा बायपोलर विकार (ज्यात मन कधी अति उत्तेजित तर कधी खोल नैराश्यात जाते) यांसारखा दीर्घकाळचा आजार ज्या घरात आहे, त्या घराची दर महिन्याची अडचण त्या लिखाणात क्वचितच दिसते. आमच्या घरात असा रुग्ण असल्यामुळे हे पत्र लिहीत आहे.

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मानसिक आजारांवर उपचार होते, पण ते बहुतेक हतबलतेतून आलेले होते. रुग्णाला मुद्दाम मलेरियाचा ताप आणणे, इन्सुलिन टोचून बेशुद्ध करणे, मेंदूच्या पुढच्या भागातील जोडण्या शस्त्रक्रियेने तोडणे असे प्रकार चालत, आणि त्यांपैकी पहिल्या उपचाराला १९२७ साली व शेवटच्या उपचाराला १९४९ साली नोबेल पारितोषिकही मिळाले. ते डॉक्टर निर्दय होते असे मी म्हणणार नाही. परंतु त्या शस्त्रक्रियेने असंख्य माणसे कायमची निस्तेज झाली, हेही विसरता येत नाही. आपल्याकडे तर मनोरुग्णांविषयीच्या १९१२ च्या कायद्याचा भर उपचारापेक्षा दंडाधिकाऱ्याच्या आदेशाने कोंडून ठेवण्यावरच होता, आणि तो कायदा १९९३ पर्यंत टिकला.

चित्र पालटले ते औषधांमुळे, आणि त्यात आपल्या मातीचाही वाटा आहे. सर्पगंधेचे मूळ उन्मादावर देण्याची पद्धत बिहारकडे पूर्वापार होती. गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ साली तिच्यावर शोधनिबंध लिहिला, मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ मध्ये रक्तदाबावरील तिचा परिणाम जगापुढे मांडला, आणि १९५२ मध्ये तिच्यातून रिसर्पिन हे औषधी द्रव्य वेगळे काढल्यावर दोनच वर्षांत न्यूयॉर्कमध्ये ते मनोरुग्णांना दिले गेले. त्याच १९५२ साली पॅरिसमध्ये मनोविकारांवर क्लोरप्रोमाझिन या औषधाचा वापर सुरू झाला. पुढे दुष्परिणामांमुळे रिसर्पिन मागे पडले, पण आपली एक जुनी वनस्पती तपासणीला उतरून आधुनिक वैद्यकात गेली होती. परंपरेचा अभिमान बाळगायचा तर तो असा, परीक्षेला उतरलेल्या ज्ञानाचा बाळगावा, असे मला वाटते.

‘शॉक’बद्दलही लिहायला हवे, कारण त्या नुसत्या शब्दाने नातेवाईक रुग्णालयाच्या पायरीवरून परत फिरतात. मेंदूला विजेचा झटका देण्याचा हा विद्युत उपचार १९३८ पासून आहे आणि सुरुवातीला तो भूल न देता केला जाई, त्यामुळे लोकांच्या मनातली भीती निराधार नाही. आज मात्र भूल आणि स्नायू शिथिल करणारे औषध दिल्याशिवाय तो करण्यास मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ ने मनाई केली आहे. आणि अन्नपाणी सोडलेल्या, आत्महत्येच्या विचारांनी घेरलेल्या रुग्णाचा तो पुष्कळदा जीव वाचवतो.

याच कायद्याने रुग्णाला साखळदंडाने बांधण्यावर पूर्ण बंदी घातली आहे. तमिळनाडूतील एरवाडी येथे ६ ऑगस्ट २००१ रोजी आश्रयस्थानाला आग लागली, तेव्हा साखळीने जखडलेल्या रुग्णांना पळताही आले नाही आणि २८ जण गेले. भूत उतरवण्याच्या नावाखाली बांधणे आणि मारणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानेही गुन्हा आहे. तरीही लोक देवऋषीकडे का जातात, हा प्रश्न त्यांना दोष देण्यापूर्वी विचारावा. तो गावातच असतो, रात्रीबेरात्री दार उघडतो, घरच्यांचे ऐकून घेतो. राज्यात प्रादेशिक मनोरुग्णालये मात्र येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी अशी चारच आहेत, आणि मजुरी बुडवून दर महिन्याला एवढ्या लांब जाणे रोजंदारीवरच्या कुटुंबाला झेपत नाही.

माझे मुख्य सांगणे इथे आहे. २०१७ च्या कायद्याच्या १८ व्या कलमानुसार मानसिक आजारांवरील अत्यावश्यक यादीतील औषधे सामुदायिक आरोग्य केंद्रापासून, म्हणजे आपल्याकडे ग्रामीण रुग्णालयापासून वरच्या सर्व सरकारी रुग्णालयांत, सर्व काळ विनामूल्य मिळाली पाहिजेत. ‘सर्व काळ’ हे शब्द कायद्यातले आहेत. आमचा अनुभव असा की एका महिन्यात गोळ्या मिळतात आणि पुढच्या महिन्यात ‘साठा आला नाही, बाहेरून घ्या’ असे उत्तर मिळते. बाहेरून घेणे परवडले नाही की गोळ्या थांबतात; काही आठवड्यांत झोप जाते, संशय परततो, आवाज ऐकू येऊ लागतात, आणि मोठ्या कष्टाने लागलेले काम सुटते. बायपोलर विकारावर लिथियम हे औषध घेणाऱ्याच्या रक्तातील त्याचे प्रमाण आणि स्किझोफ्रेनियावर क्लोझापिन घेणाऱ्याच्या रक्तातील पांढऱ्या पेशी वेळोवेळी तपासाव्या लागतात. ती सोयही तालुक्यात नसेल, तर चांगले औषध असूनही डॉक्टर ते लिहून द्यायला कचरतात.

तेव्हा आरोग्य विभागाने प्रत्येक ग्रामीण रुग्णालयात या औषधांचा शिल्लक साठा दर्शनी फलकावर लिहावा, स्थिर असलेल्या रुग्णांना शक्य तेथे एकाच वेळी दोन महिन्यांच्या गोळ्या द्याव्यात आणि या रक्तचाचण्यांची सोय तालुक्यातच करावी, अशी माझी मागणी आहे. आपल्या वृत्तपत्राचे वार्ताहर प्रत्येक तालुक्यात आहेत. त्यांनी एकदा जवळच्या ग्रामीण रुग्णालयाच्या औषध खिडकीवर जाऊन यांपैकी कोणती औषधे आज उपलब्ध आहेत याची चौकशी करावी आणि मिळालेले उत्तर तालुक्याच्या नावासह छापावे, ही आपणास विनंती.

आपला नम्र,
एका रुग्णाचा भाऊ, सांगली जिल्हा