परीक्षण की माहितीपत्रकाची नक्कल?

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत टीव्ही, साउंडबार, हेडसेट यांची जी तौलनिक परीक्षणे प्रसिद्ध होतात, ती मी नेमाने वाचतो. त्यांची भाषा सोपी आणि कोष्टके सुटसुटीत असतात. परंतु त्या कोष्टकांतील बहुतेक रकाने कंपन्यांच्या माहितीपत्रकांतून जसेच्या तसे उतरवलेले असतात, असे बारकाईने पाहिल्यावर वाटू लागते. परीक्षकाने स्वतः काय मोजले आणि छापील माहितीवरून काय घेतले, हे कळण्याची सोय वाचकाला नसते.

याचा फटका मला बसला आहे. एका तुलनेत (ती आपल्या पुरवणीतील नव्हती, हे आधीच सांगतो) ‘120’ हा आकडा वाचून मी टीव्ही घेतला. घरी गेमिंग कन्सोल जोडला, तर सेटिंगमध्ये 60 हर्ट्झच्या पुढे पर्यायच दिसेना. पॅनेल सेकंदाला 60 वेळाच चित्र बदलणारे होते आणि 120 हा आकडा कंपनीने आपल्या चित्रप्रक्रियेला दिलेल्या व्यापारी नावातला होता. ज्यांना खेळायचे नाही, त्यांनाही हा फरक जाणवू शकतो. चित्रपट साधारणपणे सेकंदाला 24 चौकटींचा असतो. 120 ला 24 ने भाग पूर्ण जातो, त्यामुळे प्रत्येक चौकट सारखीच पाच वेळा दाखवता येते. 60 ला तो जात नसल्याने एक चौकट दोनदा, तर पुढची तीनदा दाखवावी लागते आणि कॅमेरा संथपणे आडवा फिरू लागला की दृश्य बारीक हिसके खात पुढे सरकते.

टीव्हीला कन्सोल किंवा साउंडबार ज्या वायरीने जोडतात, त्या एचडीएमआय जोडणीच्या ‘2.1’ या शिक्क्याचेही तेच. या आवृत्तीची कमाल क्षमता सेकंदाला 48 गिगाबिट आहे, आधीच्या 2.0 ची 18 होती, हे खरे, पण 2.1 मधील नव्या सुविधा ऐच्छिक आहेत, त्यामुळे नुसत्या शिक्क्यावरून संच 4के चित्र 120 हर्ट्झला घेईलच असे मुळीच नाही. शिवाय अनेक संचांवरील चार पोर्टांपैकी दोनच पूर्ण क्षमतेचे असतात आणि त्या दोहोंतला एक साउंडबारसाठीचा असतो. साउंडबार लावला की कन्सोलसाठी उरतो एकच. हे कोष्टकात दिसत नाही. संचाच्या मागे हात घालून वायरी जोडणाऱ्यालाच ते कळते.

उजळपणाचा आकडा तर सर्वांत फसवा. ‘1000 निट्स’ असे लिहिताना पडद्याचा किती भाग पांढरा ठेवून मोजणी केली, हे सांगितले नाही तर त्या आकड्याला फारसा अर्थ उरत नाही. ओएलईडी पडद्यावर (ज्याचा प्रत्येक ठिपका स्वतः उजळतो) लहानसा पांढरा चौकोन लखलखीत दिसतो. मात्र सगळा पडदा बर्फाच्या दृश्याने भरला, की वीजवापर आणि उष्णता आवाक्यात ठेवण्यासाठी संच आपोआप उजळपणा बराच खाली आणतो. त्याचप्रमाणे, खोक्यावर ‘एचडीआर’ (उजेड-अंधारातला अधिक फरक दाखवणारे चित्र) लिहिले आहे याचा अर्थ संचाला तो सिग्नल वाचता येतो, इतकाच. अंधाऱ्या दृश्यात दिव्याची ज्योत झळाळून उठेल आणि भोवतालचा अंधार काळाच राहील, याची हमी त्यात नाही.

हेडसेटच्या बाबतीत ‘50 मिलिमीटर ड्रायव्हर’ (कानाजवळचा छोटा स्पीकर) आणि ‘20 ते 20,000 हर्ट्झ’ (आवाजाच्या कंपनांचा पल्ला) या दोन ओळी जवळजवळ प्रत्येक परीक्षणात असतात आणि त्यांवरून आवाज कसा आहे याचा काहीही बोध होत नाही. ‘7.1 सराउंड’ (चहूबाजूंनी येणारा आवाज) म्हटलेल्या बहुतेक हेडसेटमध्ये प्रत्येक कानाला एकच ड्रायव्हर असतो, बाकीचा आभास सॉफ्टवेअरचा. माझ्या मुलाचा हेडसेट ब्लूटूथवर गाण्यांसाठी उत्तम वाजतो. पण खेळताना माइक सुरू केला, की तो फोनवरील संभाषणाच्या पद्धतीत जातो आणि खेळाचा सगळा आवाज दबून जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा येऊ लागतो. गोळी झाडल्याचे पडद्यावर आधी दिसते, आवाज मागाहून येतो. 2.4 गिगाहर्ट्झचे डोंगल (कन्सोलला लावायचा छोटा बिनतारी जोड) असलेल्या हेडसेटमध्ये हा त्रास सहसा जाणवत नाही, हे आम्हाला खरेदी झाल्यावर समजले. परीक्षणात ‘वायरलेस: होय’ एवढेच होते.

म्हणून विनंती अशी, की प्रत्येक तुलनेसोबत एक लहानशी चौकट द्यावी. वस्तू विकत घेतली होती की कंपनीने वापरायला दिली होती, ती किती दिवस वापरली, कोणते आकडे स्वतः मोजले, चित्राचे कोणते सेटिंग ठेवले होते आणि सॉफ्टवेअरची आवृत्ती कोणती होती, एवढे तीत असावे. दुकानातील भडक सेटिंगवर पाहिलेला आणि घरी दिवे मालवून ‘सिनेमा’ सेटिंगवर पाहिलेला एकच संच दोन निराळे संच वाटतात. जागेची अडचण होत असेल, तर पाचांऐवजी दोनच वस्तूंची तुलना करावी. आमची तक्रार असणार नाही.

आणि पुढच्या वेळी हेडसेटचे परीक्षण असेल, तेव्हा ते चष्मा लावणाऱ्या सहकाऱ्याकडे सोपवावे. कानावरची गादी चष्म्याच्या काड्यांवर दाबली जाऊन किती वेळाने हेडसेट काढून ठेवावासा वाटला, तेवढे त्याने मिनिटांत लिहावे.

आपला,
एक नियमित वाचक